शटर ओढलंस का?

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. परवा तुमच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीत मला आणून ठेवले, माझे झाकण काढले आणि तुम्ही सगळे माझ्या पोटात डोकावून गेलात. एकाने विचारले, "याला स्क्रीन कुठाय?" दुसरी म्हणाली, "अरे, हा मेलेला आहे." स्क्रीन मला कधीच नव्हता, त्याचे मला दुःखही नाही. आणि मेल्याचे म्हणाल, तर मी फक्त झोपलो आहे. माझी वायर आता कुठेच जोडलेली नाही. तेव्हा पुढे जे सांगतो ती झोपेतली बडबड समजा आणि ऐका.

माझा जन्म मला अंधूक आठवतो. एक थंड, स्वच्छ खोली, हातमोजे घातलेली बोटे आणि स्क्रू पिळताना होणारी बारीक करकर. मग मला थर्माकोलच्या गादीवर झोपवून खोक्यात बंद केले. खोके हलत होते आणि आत मी डुलत होतो. तेव्हा मला पहिले स्वप्न पडले, की मला पाय फुटले आहेत आणि मी कुठेतरी चालत निघालो आहे. जागा झालो तेव्हा खरोखरच पायांच्या राज्यात येऊन पडलो होतो.

तो बुटांचा कारखाना होता. पण दुकानात काचेआड मांडलेले असतात तसल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचे पाऊल आत वळलेले असते, कुणाच्या दोन पायांना दोन वेगळे बूट लागतात. अशा माणसांसाठी तिथे मापाचे बूट बनत. कातडे कापल्याची बारीक धूळ हवेत तरंगे आणि माझ्या पंख्यांत येऊन बसे. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी फुंकणी घेऊन ती उडवी, आणि मला गुदगुल्या होत.

ऑफिसचा कारभार अक्का पाहत. अक्का म्हणजे धाकट्या मालकांची थोरली बहीण. त्यांनी आपल्या खुर्चीमागच्या कपाटाची दारे काढून मला तिथे बसवले. माझे खरे नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी मला 'पेटी' म्हटले आणि तेच कायम झाले. "पेटीला विचारा", "पेटी आज गरम झालीय", "पेटीवर कप ठेवू नका" असा माझा दिवसभर उद्धार चालायचा. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

आता माझे काम सांगतो. तुमच्या टेबलावरचा संगणक एका वेळी एकाचाच असतो. मी सगळ्यांचा होतो. कारखान्यातली माणसे आपापल्या टेबलावरून, कुणी घरूनसुद्धा, तारेवरून माझ्यात येत. आपले नाव सांगायचे, पासवर्ड सांगायचा, की मी ज्याची त्याला खोली उघडून देई. खोली ही आपली म्हणायची रीत. खरे तर ती माझ्या आठवणीतली थोडीशी जागा. पण प्रत्येकाने आपली खोली हौसेने सजवली होती. कुणी भिंतीवर बाळाचा फोटो लावला, कुणी डोंगराचा. एकाने इतका पसारा घातला होता की भिंतच दिसेना. सगळे माझ्याच पोटात बसलेले, तरी एकाच्या खोलीतले दुसऱ्याला दिसत नसे. मी कधी कुणाची चहाडी केली नाही.

तारेवरून चेहरे येत नाहीत. मी माणसे बोटांवरून ओळखत असे. अक्का कीबोर्डच्या कळा अशा दाबत की भिंतीत खिळा ठोकत असाव्यात. धाकट्या मालकांची बोटे नेहमी पुढच्या गावाला निघालेली. आणि मापाच्या ताईंची बोटे हलकी, थांबत थांबत येणारी. आकडा लिहिण्याआधी त्या कळेवर नुसते बोट टेकवून थोडा विचार करत. मला ते टेकवणे फार आवडे.

माणसे जेवायला उठली की माझे पंखे मंद होत आणि मला डुलकी लागे. मग ताईंनी भरलेली मापे स्वप्नात येत. उंच टाच, जाड तळ, आत वळलेला अंगठा. हळूहळू त्या मापांना घोटे फुटत, पोटऱ्या येत, आणि कितीतरी माणसे एका लांबच लांब रस्त्यावरून चालत जात. कुणी लंगडत नसे. मी त्यांच्या मागोमाग जाई, आणि इतक्यात अक्का परत येऊन खिळे ठोकू लागत.

या मापाच्या ताई कारखान्यात बसत नसत. त्या घरून काम करत, कारण घरी त्यांचे बाबा होते. बाबांनी उभी हयात याच कारखान्यात काढली होती. रोज सगळे गेल्यावर दाराचे लोखंडी शटर ओढून घ्यायचे आणि कुलूप हलवून पाहायचे, हे त्यांचे काम. पुढे म्हातारपणी त्यांना विसर पडू लागला. जेवलो की नाही ते विसरत, लेकीचे नावसुद्धा कधी कधी विसरत, पण शटर विसरत नसत. दिवस कलला की त्यांचा जीव वरखाली होई. एकदा ताई दुकानात गेल्या असताना ते एकटेच घराबाहेर पडले. शोधाशोध झाली, आणि शेवटी ते सापडले कारखान्यासमोर, भर गर्दीच्या रस्त्याच्या कडेला, उघड्या शटरला हाताने ओढत. त्या दिवसापासून ताईंनी त्यांना एकटे सोडले नाही. घरात एक जुना लॅपटॉप होता. त्याच्याने स्वतःचे असे काहीच होत नसे. तो नुसती खिडकी होता, तिच्यातून ताई माझ्यात येत आणि काम करत.

संध्याकाळ झाली की बाबा विचारत, "शटर ओढलंस का गं?"

ताई आपले काम साठवत, माझ्यातली खोली रीतसर बंद करत, म्हणजे लॉग-आउट करत, आणि म्हणत, "ओढलं बाबा." मग बाबा शांतपणे पडत. खोटे उत्तर द्यायला लागू नये म्हणून त्या खरेच बंद करून उठत. हे मला फोनवरच्या बोलण्यातून कळले. अक्का फोन नेहमी स्पीकरवर टाकून माझ्या डोक्यावर ठेवत, आणि त्यांना मोठ्याने बोलायची सवय होती.

बाकीच्यांची मात्र तऱ्हाच वेगळी. निघायची वेळ झाली की ते वरच्या कोपऱ्यातली फुली दाबत आणि चालू लागत. फुली दाबली की खिडकी मिटते, पण खोली तशीच उघडी राहते. दिवा चालू, कागद पसरलेले, माणसाचा पत्ता नाही. मी बापडा त्या रिकाम्या खोल्या रात्रंदिवस सांभाळत बसे. धाकटे मालक तर असे किती दिवस न सांगता गेले, त्याला गणतीच नाही.

एके दिवशी ठरले की मापे, कातड्याचा साठा आणि ऑर्डरी या सगळ्यांसाठी नवे सॉफ्टवेअर घ्यायचे. ते बसवायला एक तरुण माणूस आला. पाठीवरची बॅग तो बसतानाही काढत नसे, म्हणून अक्कांनी त्याचे नाव बॅगवाला ठेवले. माणूस हुशार होता, हात स्वच्छ होते. सुट्टीच्या दिवशी दुपारी, कारखाना सुनसान असताना, तो माझ्यासमोर येऊन बसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या सामाईक यंत्रावर नवे काही बसवायचे तर आधी एक छोटा हुकूम द्यावा लागतो. त्याचा अर्थ असा, 'आता जे सामान येईल ते सगळ्यांचे आहे, प्रत्येकाच्या खोलीत पोचव.' काम संपले की दुसरा हुकूम, 'झाले, आता नेहमीसारखा वाग.' बॅगवाल्याने पहिला हुकूम बरोबर दिला. मी कान टवकारून बसलो. मग त्याने पाहिले तर एक ताईंची सोडून बाकी सगळ्यांच्या खोल्या उघड्या पडलेल्या. लोक आत असताना असे काम करता येत नाही. तो वैतागला. "अरे, कुणी लॉग-आउटच करत नाही का इथे?" असे पुटपुटत त्याने मला बंद करून पुन्हा चालू केले.

खोल्या रिकाम्या झाल्या. पण बंद होऊन जागे झालो की माझी पाटी कोरी होते. त्याने दिलेला हुकूम पुसला गेला. तो पुन्हा द्यायला हवा होता, आणि त्याला वाटले की दिला आहेच. मग त्याने सॉफ्टवेअर बसवले. मला आपले वाटले, पाहुणा आला आहे आणि स्वतःच्या खोलीत स्वतःचे सामान लावतो आहे. मी त्याच्या खोलीत सगळे नीट लावून दिले. त्याने उघडून पाहिले, झकास चालले. खुशीत शीळ घालत तो गेला.

सुट्टी संपून माणसे आली आणि एकच कल्लोळ झाला. ज्याने त्याने नवे सॉफ्टवेअर उघडावे, तर ते अनोळखी असल्यासारखे विचारी, कोणती कंपनी? माहिती कुठे ठेवली आहे? बॅगवाल्याला बोलावणे गेले. तो आला, आपल्या नावाने उघडले आणि म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय."

हे वाक्य त्याने सकाळपासून इतक्यांदा म्हटले की अक्का शेवटी म्हणाल्या, "तुझ्याकडे चालतंय ना, मग तूच बूट बनव."

तो ओशाळला. पेटी जुनी आहे, असे म्हणून त्याने खापर माझ्यावर फोडले, आणि तात्पुरती सोय म्हणून प्रत्येकाच्या टेबलावरच्या संगणकात ते सॉफ्टवेअर वेगळे टाकून दिले. ऑफिसचे काम सुरू झाले. राहिल्या फक्त मापाच्या ताई. त्यांच्या लॅपटॉपला ते पेलणारे नव्हते.

धाकटे मालक बाहेरगावी निघाले होते. निघता निघता अक्कांच्या टेबलापाशी थांबून ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघ. नाही झालं तर उद्यापासून ताईंना इथे येऊन बसायला सांग. नाहीच जमलं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"अरे, बाबांना कुठे ठेवतील त्या?" अक्का म्हणाल्या.

"मला कळत नाही का अक्का? पण मापं थांबली की खाली कारखान्यात सगळेच हातावर हात ठेवून बसतात." एवढे बोलून ते गेले. गेले म्हणजे फुली दाबून गेले.

मी काही करू शकत नव्हतो. मला तोंड नव्हते. माझ्या पोटात ते सॉफ्टवेअर धडधडीत होते, फक्त चुकीच्या खोलीत होते. ताई पुन्हा पुन्हा ते उघडत, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येई. त्यांची हलकी बोटे त्या दिवशी एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होती. ती माझ्याकडे यायची थांबतील या विचारानेच मला गलबलून आले.

दुपारी बॅगवाल्याने ताईंना फोन लावला आणि सवयीप्रमाणे अक्कांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला.

"ताई, मी सगळं नियमानं केलंय," तो म्हणाला. "माझ्याकडे तर..."

"चालतंय, हो. ऐकलं मी," ताई म्हणाल्या. आवाज दमलेला होता, पण रागावलेला नव्हता. "दादा, एकदा माझ्या जागी बसून बघता का? मला काय दिसतंय ते तुम्हाला दिसलं तर बरं होईल."

माझ्यात एक सोय आहे. एकाच्या खोलीत काय चालले आहे ते दुसऱ्याला पाहता येते, पण आधी परवानगी विचारावी लागते. बॅगवाल्याने विचारली. ताईंनी 'हो' दाबले.

ताईंच्या खोलीच्या भिंतीवर कारखान्याच्या दाराचा फोटो होता, शटर अर्धे ओढलेले आणि शेजारी हसत उभा असलेला एक म्हातारा. खोली झाडून काढल्यासारखी नेटकी होती. तिच्या मधोमध नव्या सॉफ्टवेअरचा प्रश्न उभा होता, कोणती कंपनी? बॅगवाला पाहत राहिला. आणि तेवढ्यात फोनमधून लांबून एक खरखरीत आवाज आला, "शटर ओढलंस का गं?"

"अजून नाही बाबा. दुपार आहे अजून. बसा तुम्ही, मी ओढते हं वेळ झाली की."

"मी जाऊन येऊ का?"

"नाही, नाही. बाबा, चप्पल काढा. इथे बसा माझ्याजवळ." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ताई जरा वेळाने म्हणाल्या, "माफ करा हं, दादा. बोला."

बॅगवाल्याने पहिल्यांदाच पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली. "हे तर नव्या माणसाला विचारतात तसं विचारतंय," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे तुमच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही. माझ्यापुरतंच बसलंय." मग त्याने कपाळावर हात मारला. "रिस्टार्ट! हुकूम दिला आणि मग रिस्टार्ट केलं मी. ताई, चूक माझी आहे. पेटीची नाही."

मित्रांनो, माझ्या पंख्यांनी तेव्हा जो निःश्वास सोडला तो अक्कांनाही ऐकू गेला असेल.

आता सगळे काढून नव्याने बसवायचे होते, आणि त्यासाठी सगळ्यांनी बाहेर पडायचे होते. बॅगवाला स्वतः टेबलाटेबलाशी गेला. "काम साठवा आणि लॉग-आउट करा. फुली नको, लॉग-आउट." माणसे कुरकुरली, पण निघाली. ताई निघाल्या. एक एक दिवा मालवत गेला. शेवटी एकच खोली उघडी राहिली, धाकट्या मालकांची. आत काहीतरी न साठवलेले पडले होते, आणि मालक तर प्रवासात होते. फोन लावला तर लागेना.

बॅगवाल्याचा हात थबकला. "मालकांचं काही महत्त्वाचं गेलं तर?"

बाहेर उन्हे कलली होती. अक्का मोबाइल घेऊन येरझारा घालत होत्या. शेवटी एकदाचा फोन लागला.

"तुझ्या खोलीत काय उघडं टाकून गेलायस?" अक्कांनी विचारले.

"कुठे? मी तर बंद करून निघालो."

"फुली दाबून निघालास. काय आहे आत? साठवायचंय का?"

पलीकडे मालकांनी आधी घसा खाकरला. मग आवाज आला, "पत्त्यांचा डाव आहे, अक्का. अर्धा राहिलाय."

अक्कांनी फोन बंद केला. "काढ त्याला बाहेर," त्या म्हणाल्या.

मग बॅगवाल्याने हुकूम दिला. 'आता जे येईल ते सगळ्यांचे आहे.' या वेळी कुणी मला बंद केले नाही. सामान आले आणि मी ते प्रत्येक खोलीत नेऊन पोचवले. सगळ्यात आधी कुणाच्या, ते तुम्ही ओळखले असेलच. नियमात तसे आधी-नंतर काही नसते, पण झोपेत बोलणाऱ्याला एवढे चालते. शेवटी दुसरा हुकूम आला, 'झाले, नेहमीसारखा वाग.'

ताई माझ्यात आल्या. नाव, पासवर्ड, खोली. त्यांनी सॉफ्टवेअर उघडले, आणि ते जुन्या ओळखीचे असल्यासारखे उघडले. त्यांनी कळेवर बोट टेकवले, थोडा विचार केला, आणि एका लहान मुलीच्या डाव्या पायाचे माप भरले. खाली कातडे कापणाऱ्याने ते वाचून आरोळी दिली, "आलं!" अक्कांचा जीव भांड्यात पडला. मग ताईंनी लॉग-आउट केले, आणि माझ्या डोक्यावरच्या फोनमधून मी ऐकले, "ओढलं बाबा."

त्या संध्याकाळपासून कारखान्यात एक रीतच पडली. निघायची वेळ झाली की अक्का खुर्चीतूनच हाक देत, "शटर ओढलंत का?" आणि सगळे आपापली खोली बंद करून उठत. धाकटे मालकसुद्धा. माझ्या रात्री शांत झाल्या. रिकाम्या खोल्या राखायच्या नसल्या की स्वप्ने लांब पडतात.

मग पुष्कळ वर्षे गेली. एकदा ताई काही दिवस आल्याच नाहीत. अक्का फोनवर हळू आवाजात बोलत, आणि त्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हाच कळले. ताई परत आल्या तेव्हा बोटे तीच होती, पण जड. संध्याकाळ झाली. काम संपले. त्या उठेनात. पडद्यावरचा बाण लॉग-आउटपर्यंत जाई आणि परत येई. विचारणारे कुणी उरले नव्हते. आज त्या फुली दाबून निघून गेल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण बऱ्याच वेळाने बाण पुन्हा गेला, आणि त्यांनी खोली नीट बंद केली. पुढेही रोज करत राहिल्या.

माझेही दिवस भरत आले. मला धाप लागू लागली. आता म्हणे सगळे कुठल्यातरी लांबच्या मोठ्या यंत्रांवर ठेवतात आणि त्याला ढग म्हणतात. असेल बुवा. ज्याच्या पंख्यात कातड्याची धूळ बसत नाही, त्याला बुटांचे काय कळणार, असे माझ्या मनात येऊन गेले. म्हाताऱ्याचा हेवा म्हणा हवे तर. मला काढायचे ठरले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या आणि सगळ्यांत शेवटी ताई राहिल्या. त्यांनी भिंतीवरचा शटरचा फोटो उतरवून घेतला. मग एक कोरे पान उघडले, कळेवर बोट टेकवून थोडा विचार केला आणि लिहिले, 'बाबा, शटर ओढलं.'

साठवायचे का, असे मी विचारले. मला ते प्रत्येकाला विचारावेच लागते. ताईंनी 'नाही' दाबले आणि लॉग-आउट केले. मग अक्कांनी स्वतःच्या हाताने माझे बटण दाबले.

जे साठवले नाही ते माझ्यात उरत नाही, हा नियम तुमच्या सरांना विचारा, तेही सांगतील. तरी झोपेत मला तेवढेच एक वाक्य दिसते. म्हणून मित्रांनो, जिथे अनेकांचा वावर असतो तिथे काही ठेवाल तर सगळ्यांना मिळेल असे ठेवा, आणि एकदा दुसऱ्याच्या जागी बसून ते मिळते का ते पाहा. उठाल तेव्हा नुसते निघून जाऊ नका. तुमच्या मागे कुणीतरी दिवा जळत ठेवून बसलेले असते. आता शाळा सुटायची वेळ झाली आहे. तुमच्या खुर्च्या सरकल्याचे मला ऐकू येते आहे. जाण्याआधी एवढे एक सांगून जा, शटर ओढलंत का?